गांजा, सीबीडी तेल आणि किडनी: पेशींच्या 'बॅटरी'वरच्या संशोधनात नेमकं काय सापडलंय?

मागच्या महिन्यात सिंहगड रोडला मामांकडे गेलो होतो. चहा उकळेपर्यंत मामेभावाने फोन पुढे केला. "दादा, तू हे सगळं वाचत असतोस ना, मग हे बघ. खरंय का?"

पहिलं रील हिंदी-इंग्रजी मिक्स होतं. पांढरा कोट घातलेला एक जण सांगत होता की किडनीच्या पेशींमध्ये 'कॅनाबिनॉइड रिसेप्टर' असतात, त्यांच्यामार्फत पेशींची बॅटरी रीचार्ज करता येते, म्हणून सीबीडी तेलाचे थेंब रोज घ्या. खाली खरेदीची लिंक. दुसरं रील बरोबर उलटं. लाल अक्षरांत लिहिलं होतं की गांजामुळे किडनीच्या पेशींमधले 'पॉवरहाऊस' तुटून तुकडे होतात, विज्ञानाने सिद्ध झालंय. दोन्हीकडे शोधनिबंधांचे स्क्रीनशॉट होते, आणि गंमत म्हणजे ते स्क्रीनशॉट खोटे नव्हते.

मी हसून फोन परत देणार, तेवढ्यात मामी आतून म्हणाली, "अरे, ते तेल आणलंय ह्यांनी. तीन आठवडे झाले घेतायत."

मामांना चौदा वर्षं मधुमेह आहे. क्रिएटिनिन वर्षभर १.६ च्या आसपास अडकलेलं. तेल सुरू केल्यावर त्यांनी डॉक्टरांनी दिलेली एक गोळी स्वतःच बंद केली होती. का, तर "तिच्याने सारखं बाथरूमला पळावं लागतं, आणि तेल काय, नॅचरल आहे."

त्या रात्री घरी येऊन मी ते निबंध उघडले. त्यात जे आहे ते दोन्ही रील्सपेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे, आणि गांजा कधी हातात न धरलेल्या माणसालाही लागू होणारं आहे. चला, नीट समजून घेऊ.

रिसेप्टर म्हणजे काय?

तुमच्या फोनमध्ये प्रत्येक ॲपला परवानग्या असतात: याला लोकेशन, त्याला कॅमेरा. पेशींच्या भिंतीवर तशाच ठरावीक रेणूंसाठी ठरावीक जागा असतात. योग्य रेणू येऊन बसला की पेशीच्या आत काहीतरी सुरू किंवा बंद होतं. या जागेला रिसेप्टर म्हणतात.

१९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेकोलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातला नशा आणणारा मुख्य रेणू, टीएचसी, वेगळा केला. पण तो शरीरात बसतो कुठे, हे कळायला १९८८ उजाडलं. अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांना उंदरांच्या मेंदूत ती जागा सापडली. तिला आज सीबी-१ म्हणतात. १९९३ मध्ये दुसरी सापडली, सीबी-२. ती मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींमध्ये असते.

मग साहजिक प्रश्न आला: एका झाडातल्या रेणूसाठी माणसाच्या शरीरात जागा का असावी? उत्तर १९९२ मध्ये मिळालं. शरीर स्वतःच असे रेणू तयार करतं. पहिला जो सापडला त्याला संशोधकांनी नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतमधल्या 'आनंद' शब्दावरून. भूक, वेदना, ताण, चरबी साठवणं, अशा कितीतरी कामांत हे रेणू निरोप पोचवतात. म्हणजे ही यंत्रणा मुळात शरीराची आहे. गांजा तिच्यात बाहेरून लॉगिन करतो, एवढंच.

हे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

किडनी इतकी बॅटरी का खाते?

शाळेत आपण मायटोकॉन्ड्रियाला 'तंतुकणिका' म्हणायचो आणि 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' असं लिहून दोन मार्क घ्यायचो. ते खरंच आहे. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात, म्हणजे एटीपीत, बदलण्याचं काम त्या करतात. पण ज्या पेशीला जास्त काम, तिच्यात त्या जास्त. हृदयाच्या पाठोपाठ ज्या अवयवांत त्या खच्चून भरलेल्या असतात, त्यात किडनी येते.

कारण आकड्यांत बघा. दोन्ही किडन्यांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण हृदय जेवढं रक्त पंप करतं त्याचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच त्यांच्याकडे जातो. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं, आणि आपण लघवी करतो जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं, त्यातलं मीठ, साखर, अमिनो आम्लांसकट, रक्तात परत ओढलं जातं. या परत ओढण्यातलं सर्वांत मोठं काम नेफ्रॉनच्या सुरुवातीच्या वळणदार नळीतल्या पेशी करतात. प्रत्येक किडनीत असे सुमारे दहा लाख नेफ्रॉन. या पेशींना सुट्टी नसते, आणि त्या इंधन म्हणून साखरेपेक्षा चरबी जाळणं पसंत करतात. ते जाळण्याची जागा म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्या बिघडल्या की चरबी न जळता पेशीतच साचत जाते, आणि पेशी आजारी पडते.

मायटोकॉन्ड्रिया पुस्तकातल्या चित्रासारख्या शेंगदाण्याच्या आकाराच्या सुट्या पडून नसतात. त्या सतत एकमेकींना जोडल्या जातात, लांब जाळं होतं, पुन्हा तुटतात. खराब झालेला तुकडा वेगळा काढून मोडीत काढण्यासाठी तुटणं आवश्यकही असतं. तोडण्याचं काम डीआरपी-१ नावाचं प्रथिन करतं, कात्रीसारखं. कात्री गरजेपुरती चालली तर पेशी निरोगी. चालतच राहिली तर नुसते तुकडे उरतात, ऊर्जा कमी होते आणि पेशी स्वतःला संपवायच्या मार्गाला लागते.

स्विच थेट बॅटरीवर सापडला

२०१२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या जोव्हान्नी मार्सिकानो यांच्या गटाने दाखवलं की उंदरांच्या मेंदूत सीबी-१ फक्त पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर नसतो. तो थेट मायटोकॉन्ड्रियाच्या भिंतीवरही असतो, आणि तिथे तो चालू झाला की मायटोकॉन्ड्रियाचा ऊर्जा बनवण्याचा वेग कमी होतो. आपण फोनला बॅटरी सेव्हर लावतो, तसं. २०१६ मध्ये याच गटाने पुढची पायरी गाठली: उंदरांच्या मेंदूत स्मृतीशी संबंधित भागातल्या मायटोकॉन्ड्रियावरचा सीबी-१ काढून टाकला, तर टीएचसीसारख्या द्रव्याने होणारा विसराळूपणा होत नाही.

किडनीवरचं काम मुख्यतः जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या जोसेफ टॅम यांच्या प्रयोगशाळेतून आलं. २०१७ मध्ये त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या फक्त त्या वळणदार नळीतल्या पेशींमध्ये सीबी-१ नव्हता. बाकी शरीरात होता. मग त्यांना चरबीयुक्त खाणं देऊन लठ्ठ केलं. उंदीर बाकीच्यांसारखेच जाड झाले. पण त्यांच्या किडनीत चरबी कमी साचली, सूज कमी आली आणि ऊतीचं घट्ट होणं, ज्याला फायब्रोसिस म्हणतात, तेही कमी झालं. दोन-तीन वर्षांनी याच प्रयोगशाळेने मायटोकॉन्ड्रियाकडे बघितलं. सीबी-१ चालू केला की डीआरपी-१ ची कात्री जोरात चालते, जाळ्याचे तुकडे होतात, ऊर्जा घटते. सीबी-१ काढला किंवा बंद केला की जाळं टिकतं.

दुसऱ्या रीलमधला 'पॉवरहाऊसचे तुकडे' हा भाग इथून उचललेला आहे. प्रयोग खरा आहे. पण त्या उंदरांना कोणी गांजा ओढायला दिला नव्हता. लठ्ठपणात आणि मधुमेहात शरीर स्वतःच आनंदामाइडसारखे रेणू जास्त बनवतं आणि सीबी-१ गरजेपेक्षा जास्त चालू राहतो. टॅम यांचं काम त्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जॉर्ज कुनोश यांच्या गटानेही २०१४ मध्ये मधुमेही उंदरांच्या किडनीत, रक्त गाळणाऱ्या पेशींवर, हेच पाहिलं होतं.

म्हणजे हे संशोधन टपरीमागे चिलीम ओढणाऱ्यांपेक्षा माझ्या मामांबद्दल जास्त आहे. त्यांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. तरी त्यांच्या किडनीतला हा स्विच बहुधा वर्षानुवर्षं अर्धा दाबलेलाच असेल. आणि असे मामा कमी नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि आपल्याकडे किडनी निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह सर्वांत वर आहे.

मग सीबीडीवाल्याचं काय?

आता पहिलं रील. त्यातही एक खरा धागा आहे. किडनीत सीबी-२ बरेचदा सीबी-१ च्या उलट वागतो. सिस्प्लॅटिन नावाचं कॅन्सरचं औषध किडनीला इजा करतं. २०१० च्या एका प्रयोगात उंदरांमध्ये सीबी-२ चालू केल्यावर ही इजा कमी झाली. त्याआधी २००९ मध्ये सीबीडी देऊनही तसंच दिसलं होतं. सीबीडी म्हणजे गांजाच्या झाडातलाच, पण नशा न आणणारा रेणू. तो सीबी-१ ला टीएचसीसारखा दाबत नाही.

तर एकाच झाडात दोन रेणू, शरीरात दोन जागा, आणि त्यांचे परिणाम वेगवेगळे. 'कॅनाबिनॉइड किडनीला चांगलं' आणि 'कॅनाबिनॉइड किडनीला वाईट' ही दोन्ही वाक्यं 'ॲप फोनला चांगलं असतं' या वाक्याइतकीच निरर्थक आहेत. कुठलं ॲप? कुठल्या फोनवर?

रीलमध्ये सर्वांत मोठी उडी मात्र वेगळीच आहे. एका विषारी औषधाने अचानक जखमी केलेल्या उंदराच्या किडनीवरून ते थेट चौदा वर्षं मधुमेहाने झिजलेल्या माणसाच्या किडनीवर पोचतात. मधली सगळी स्टेशनं गायब.

पुण्यातल्या किडनीच्या पेशी

तुमच्यापैकी अनेकांनी कोव्हिशिल्ड घेतली असेल. हडपसर-मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या त्या लसीतला विषाणू वाढवला होता तो एचईके-२९३ नावाच्या पेशींमध्ये. हे नाव 'मानवी भ्रूणाच्या किडनीच्या पेशी' याचं इंग्रजी लघुरूप आहे. १९७३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये तयार झालेली ही पेशीमालिका तेव्हापासून जगभर वाढवली जाते. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीसीएसकडे, अशा पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे. देशभरातल्या प्रयोगशाळा तिथून पेशी मागवतात.

हे सांगायचं कारण असं की 'किडनीच्या पेशींवर प्रयोग केला' हे वाक्य ऐकून आपल्या डोळ्यासमोर किडनी येते. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती प्लॅस्टिकच्या भांड्यात, कोमट तापमानात, गुलाबी द्रवात वाढणारी पेशींची थर असते. तिच्यातून रक्त वाहत नाही, तिच्यावर बीपीचा दाब नाही, शेजारी लिव्हर नाही. एचईके-२९३ तर इतकी वर्षं भांड्यात राहिलीय की ती किडनीच्या पेशीसारखी फारशी वागतही नाही. अशा पेशी अतिशय उपयोगी आहेत. त्यांच्याशिवाय ती लस तशी बनली नसती. पण भांड्यातल्या पेशीला एक गोष्ट 'चांगली' वाटली म्हणून ती आपल्याला चांगली, असा नियम नाही. मध्ये उंदीर लागतो, मग थोडी निरोगी माणसं, मग हजारो रुग्ण. या वाटेवर बहुतेक औषधं गळतात.

भारतात येऊन बंद झालेली गोळी

सीबी-१ बंद करण्याची कल्पना या वाटेवर कशी आपटली, त्याची गोष्ट आपल्याकडच्या मेडिकल दुकानांपर्यंत आलेली आहे.

गांजा ओढल्यावर भूक खवळते, कारण सीबी-१ चालू होतो. मग सीबी-१ बंद केला तर भूक कमी होईल आणि वजन उतरेल, असा सरळ विचार होता. रिमोनाबँट नावाची गोळी त्यासाठीच बनली. फ्रान्सच्या सनोफी-अव्हेंटिस कंपनीच्या या औषधाला २००६ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. वजन खरंच उतरायचं. भारतातही कंपन्यांनी तिच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात आणल्या.

अडचण अशी की सीबी-१ सर्वांत जास्त मेंदूत आहे. भूक बंद करणारी गोळी आनंदालाही हात लावत होती. नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार अशा तक्रारी वाढल्या. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाच्या सल्लागार समितीने २००७ मध्ये तिला नकार दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपाने विक्री थांबवली. १८,६९५ लोकांवर चाललेली एक मोठी चाचणी मध्येच बंद करावी लागली. त्यात गोळी घेणाऱ्या गटात चार आत्महत्या झाल्या, दुसऱ्या गटात एक. डिसेंबर २००९ मध्ये भारत सरकारने राजपत्रात सूचना काढून रिमोनाबँटच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली.

कल्पना मात्र मेली नाही. आता प्रयत्न असा आहे की औषध मेंदूत कमीत कमी शिरावं आणि किडनी, लिव्हर, चरबी इथलाच सीबी-१ बंद करावा. ओझेम्पिक बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कने ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडाची इन्व्हर्सागो ही कंपनी १०७.५ कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात घेतली, ती अशाच औषधासाठी. त्याचं नाव मोनलुनाबँट. मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या रुग्णांवरही त्याची चाचणी हाती घेतली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये वजनावरच्या चाचणीचे आकडे आले: १६ आठवड्यांत १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं सरासरी ७.१ किलो वजन उतरलं, नकली गोळीवाल्यांचं ०.७ किलो. पण चिंता, चिडचिड, झोपेच्या तक्रारी पुन्हा दिसल्या, आणि डोस वाढला तशा त्या वाढल्या.

इथे एक गोष्ट नीट बघा. किडनीसाठी ज्या दिशेने औषधं शोधली जातायत, ती सीबी-१ *बंद* करण्याची आहे. गांजातला टीएचसी तो *चालू* करतो.

माणसांमध्ये आतापर्यंत काय दिसलंय?

उंदीर बाजूला ठेवू. माणसांच्या किडनीबाबत ज्या गोष्टी नोंदल्या गेल्यात त्या अशा:

*सिंथेटिक 'स्पाइस' किंवा 'के-२'.* हे गांजा नव्हे. वाळक्या पाल्यावर कारखान्यात बनवलेली रसायनं फवारलेली असतात. टीएचसी सीबी-१ ला अर्धवट दाबतो, ही रसायनं पूर्ण दाबतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सहा राज्यांत अशा १६ जणांची किडनी अचानक बिघडली. बहुतेक सगळे तरुण, वय १५ ते ३३. पाच जणांना डायलिसिसवर घ्यावं लागलं. ज्यांची बायोप्सी केली, त्यातल्या बहुतेकांत नळीच्या पेशींना इजा दिसली. काहींच्या नमुन्यांत एक्सएलआर-११ नावाचं रसायन सापडलं. दोष सीबी-१ चा की रसायनातल्या दुसऱ्या कशाचा, हे त्या नोंदींवरून ठरत नाही, पण पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, एवढं नक्की.

*सतत उलट्या.* वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्या काही जणांना थांबता न थांबणाऱ्या उलट्या होतात आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावर बरं वाटतं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडजवळच्या डॉक्टरांनी याची पहिल्यांदा नोंद केली. शरीरातलं पाणी इतकं कमी होतं की किडनी बंद पडल्याच्याही नोंदी आहेत.

*सीबीडीचं लेबल.* सीबीडीचं एकच शुद्ध औषध अमेरिकेत मंजूर आहे, एपिडायोलेक्स, जून २०१८ पासून, लहान मुलांच्या काही दुर्मीळ फिट्सच्या आजारांसाठी. त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात लिहिलंय की दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन सुमारे १० टक्क्यांनी वाढू शकतं. लिव्हरची एन्झाइम्स वाढण्याचाही इशारा आहे.

*औषधांशी भांडण.* लिव्हरमधली जी एन्झाइम्स औषधं मोडतात, त्यातल्या काहींना सीबीडी अडवतो. किडनी बदललेल्या रुग्णांना रोज लागणारं टॅक्रोलिमस यामुळे रक्तात वाढल्याची नोंद आहे. तुमच्या घरात कोणी ट्रान्सप्लांटवाले असतील, तर हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा.

आणि कायदा?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आणि चरस येतात. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो, पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. "थोडाच होता" हा बचाव नाही, आणि बँकॉकला कायदा सैल होता म्हणून मुंबई विमानतळावर तो सैल होत नाही.

नुसत्या पानांची भांग केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत नाही. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याच्या कक्षेत येते. आयुर्वेदात तिला 'विजया' म्हणतात. ऑनलाइन मिळणारी तेलं बहुतेक या नावाने, आयुष परवान्यावर विकली जातात. पण औषध नियमांच्या ज्या यादीत आयुर्वेदातली विषारी द्रव्यं आहेत, त्या ई-१ यादीत भांग आहे. म्हणून पोटात घ्यायच्या अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापावा लागतो. मामांच्या बाटलीवर तो होता. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत.

शिवाय १९५४ चा जादुई उपाय विरोधी कायदा आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे, आणि यादीत किडनीच्या सुजेचं जुनं नाव 'ब्राइट्स डिसीज' हेही आहे. कायदा झाला तेव्हा रील नव्हतं, पण जाहिरात ती जाहिरातच.

मामांचं पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी मी मामांना फोन केला आणि म्हणालो, "तेल वाईट आहे असं म्हणत नाही. पण डॉक्टरांना बाटली दाखवूया का?" ते कुरकुरले, पण आले. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.८. उपाशीपोटीची साखरही वाढलेली. डॉक्टरांनी बाटली उलटसुलट करून पाहिली, तेल थांबवायला सांगितलं आणि विचारलं, "गोळी का बंद केलीत?"

तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा १.६ वर आलं. आता इथे मीही रील बनवू शकतो: 'तेल बंद, किडनी वाचली!' १.६ चे दहा टक्के वाढले तर १.७६ होतात, हिशोबही जुळतोय. पण एका माणसाच्या दोन रिपोर्टवरून काहीच सिद्ध होत नाही. उन्हाळा होता, पाणी कमी प्यायले असतील, लॅब वेगळी होती. तेल बनवणाऱ्याला मी दोष देत नाही. मामांना सुधारणा झाली असती तरी मी हेच म्हणालो असतो.

मला लागून राहिली ती गोळी. नाव डापाग्लिफ्लोझिन. ती काम करते कुठे माहितीये? त्याच वळणदार नळीत, त्याच पेशींवर. रक्तातून गाळली गेलेली साखर परत ओढण्याचं तिथलं एक दार ती बंद करते. साखर लघवीतून निघून जाते, म्हणून तर सारखं बाथरूमला जावं लागतं. त्या पेशींवरचा भार आणि गाळणीवरचा दाब, दोन्ही हलके होतात. २०२० मध्ये ४,३०४ किडनी रुग्णांवरच्या चाचणीत किडनी झपाट्याने ढासळणं, ती निकामी होणं आणि किडनीच्या किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू यांचा एकत्रित धोका तिने ३९ टक्क्यांनी कमी केला. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं आणि ती स्वस्त झाली.

पेशींची बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मामांनी तीच गोळी सोडली होती, जी त्या पेशींचं काम हलकं करत होती. आणि तिच्यामागे उंदीर नाहीत, हजारो माणसं आहेत.

पुढचं रील आलं की

फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, कुठला रेणू आणि कुठला रिसेप्टर? नुसतं 'कॅनाबिनॉइड' म्हणत असतील तर पुढे ऐकूच नका. दोन, प्रयोग कशावर झाला: भांड्यातल्या पेशी, उंदीर की माणसं, आणि किती? तीन, खाली खरेदीची लिंक आहे का?

आणि घरात मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा दोन साध्या तपासण्या करून घ्या: रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून ईजीएफआर काढतात, आणि लघवीतलं अल्ब्युमिन. दुसरी बऱ्याच जणांची राहून जाते, आणि बिघाड बरेचदा आधी तिथेच दिसतो. मामेभावाने आता फोनवर दर वर्षीचा रिमाइंडर लावलाय. मामा गोळी घेतायत. बाथरूमबद्दलची तक्रार अजून आहेच.